काठी कोणत्या हातात?

महोदय,
दिवाळी अंकांसाठीच्या कथा सध्या लिहून होत असतील, म्हणून हे पत्र आत्ताच. कथेतला अपंग माणूस एक तर सोशिक नाहीतर कडवट, आणि शेवटी बरा होतो किंवा मरतो, यावर बरेच बोलून झाले आहे. आम्हा अपंग वाचकांना ठेच त्याच्या कितीतरी आधी लागते, कारण लेखकाने त्या शरीराची चौकशीच केलेली नसते.

‘पोलिओने बधिर झालेला पाय’ हे शब्द अजून किती वेळा वाचायचे? पोलिओचा विषाणू स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारतो. संवेदना शाबूत राहते. तो पाय बारीक होतो, थंडीत गार पडतो, पण मुंगी चावली की त्याला कळते. मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे गरम पाण्याने कातडी भाजली तरी पत्ता लागत नाही. अशा माणसाला व्हीलचेअरवर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलावे लागते, नाहीतर जखमा होतात. अनेकांना दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. दिवसभर खिडकीशी स्वस्थ बसलेले पात्र म्हणूनच आम्हाला खोटे वाटते.

मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला ताठ ठेवणारा पट्ट्यांचा आधार, घातलेला माणूस ‘धपकन खुर्चीत बसला’ असे लिहू नये. बहुतेक कॅलिपरना गुडघ्याच्या दोन बाजूंना कड्या असतात. त्या वर ओढल्यावरच गुडघा वाकतो. उठताना पाय सरळ झाला की त्या खट्कन खाली पडतात. त्या नीट बसल्या नाहीत, तर पाऊल टाकताच गुडघा दुमडून माणूस कोसळतो. म्हणून तो उभा राहिल्यावर आधी कड्या चाचपतो. भीती दाखवायची तर या चाचपण्यात दाखवा, डोळ्यांतल्या पाण्यात नको.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. कुबडीचा भार तळहातावर असतो. काखेत रेटली तर नस दाबून हात बधिर होतो, म्हणून काखेखाली दोन-तीन बोटे जागा सोडतात. पावसाळ्यात झिजलेले रबर ओल्या फरशीवर सटकते. आणि घरापुढे 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर फळी टाकून भागत नाही. 1:12 च्या उताराने, म्हणजे उंचीच्या बारापट, 5.4 मीटर लांब रॅम्प लागतो. तेवढे अंगण त्या घराला आहे का, हेही लेखकाने ठरवावे.

सर्वोच्च न्यायालयाने 8 जुलै 2024 च्या निकालात चित्रपटादी दृश्य माध्यमांतील अपंगांच्या चित्रणासाठी मार्गदर्शक चौकट दिली आणि त्यात अपंगांना सहभागी करून घेण्यावर भर दिला. कथेला हा निकाल लागू नसला तरी संपादकांना ही पद्धत उचलता येईल. खर्डा तेच अपंगत्व असलेल्या वाचकाला दाखवावा. व्हीलचेअरवरच्या पात्रासाठी कुबडीवाला चालणार नाही. मुद्रितशोधकाला देतो तसे त्याला मानधन द्यावे. पात्र कसे बसते, कसे उठते, संडासला कसे जाते, एवढे तरी त्याला विचारावे, आणि तेही पाने लागण्याआधी.

— एक अपंग वाचक, सातारा