वारा फिरण्याआधी माणसे मागे यायला हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या वणव्याच्या बातमीत किती हेक्टर जंगल जळाले, किती घरे गेली, हे सविस्तर येते. आग विझवताना जीव गमावलेल्यांविषयी मात्र बहुधा एकच वाक्य असते: वारा फिरला आणि ते आगीच्या वेढ्यात सापडले. त्या वाक्यामागे नेमके काय घडते ते पाहिले, तर यांपैकी अनेक मृत्यू केवळ दैवावर सोडून देता येत नाहीत, असे मला वाटते. म्हणून हे पत्र.

वारा बराच वेळ एकाच दिशेने वाहत राहिला की वणवा लांबट आकार घेतो. त्याचे पुढचे टोक अरुंद, पण अतिशय वेगवान असते. दोन्ही बगला लांब आणि तुलनेने संथ असतात. पुढच्या टोकासमोर उभे राहणे माणसाच्या आवाक्यातले नसल्यामुळे पथके मागच्या बाजूने सुरुवात करतात आणि बगलेच्या कडेकडेने गवत, झुडपे काढून जाळरेषा आखत पुढे सरकतात. अशा वेळी वारा काटकोनात वळला, की काही मिनिटांत ती संथ बगलच आगीचे तोंड बनते, आणि ते तोंड आता शेकडो मीटर, कधी कित्येक किलोमीटर रुंद असते. न जळलेले जंगल आणि आगीची बगल यांच्यामधल्या पट्ट्यात जो उभा असेल, त्याला पळायला दिशाच उरत नाही. ऑस्ट्रेलियात 16 फेब्रुवारी 1983 रोजी व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत पेटलेल्या वणव्यांत 75 माणसे गेली, त्यांत 17 जण आग विझवणारे होते. वाऱ्याच्या अशाच बदलाने त्यांतील अनेकांचा घास घेतला. पंधरा वर्षांनी, 2 डिसेंबर 1998 रोजी, व्हिक्टोरियातीलच लिंटन येथे पाण्याच्या टँकरवरचे पाच स्वयंसेवक त्याच प्रकारे मरण पावले.

डोंगराळ भागात उताराची भर पडते. चढणीवर ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवून, वाळवून ठेवतात. उतार 10 अंशांनी वाढला की वणव्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. माणसाचा वेग मात्र त्याच चढावर बराच कमी होतो, त्यातही पाठीवर ओझे आणि हातात अवजारे असतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील साउथ कॅन्यन येथे 6 जुलै 1994 रोजी थंड हवेची आघाडी येऊन वारे जोरात सुटले, आग पथकांच्या खालच्या घळीत उतरली आणि तेथून चढणीने वर धावली. 14 जण दगावले. जोरदार वाऱ्याचा इशारा हवामान खात्याने दिलेला होता, पण तो डोंगरावर काम करणाऱ्या पथकांपर्यंत पोहोचलाच नव्हता, ही त्या प्रकरणातील सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

इशारा पोहोचूनही भागत नाही, हे अॅरिझोनातील यार्नेल हिल येथे दिसले. तेथे 30 जून 2013 रोजी जवळच्या वादळी ढगांतून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरली आणि ईशान्येकडे चाललेला वणवा दक्षिणेकडे वळला. वारे बदलणार असल्याची सूचना रेडिओवरून देण्यात आली होती. तरीही ग्रॅनाइट माउंटन पथकाचे 19 जण आधीच जळून गेलेल्या, म्हणजे तुलनेने सुरक्षित, जागेतून निघून झुडपांनी भरलेल्या घळीत उतरले आणि तेथे आगीने त्यांची वाट अडवली. त्यांनी असा निर्णय का घेतला, हे सांगायला त्यांच्यापैकी कोणी उरले नाही. टेहळणीसाठी दुसरीकडे नेमलेला पथकातील विसावा माणूस तेवढा वाचला. आगीत सापडण्याआधी सुमारे अर्धा तास हे 19 जण नक्की कोठे आहेत, हे इतरांना ठाऊक नव्हते. ज्वालारोधक द्रव्य घेतलेले विमान आकाशात असूनही ते कोठे ओतायचे, हे कोणाला सांगता आले नाही.

या पथकांजवळ घडी घातलेला एक चंदेरी तंबू असतो. जीव वाचवायला दुसरा मार्गच उरला नाही, तर तो अंगावर ओढून जमिनीला चिकटून पडायचे असते. दुरून येणारी उष्णता तो परतवतो आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवलेही आहेत. पण ज्वाला थेट भिडल्या की त्याचे थर सुटू लागतात. यार्नेल येथे सर्वांनी तो वापरला होता. म्हणून तंबू आहे या भरवशावर कोणालाही धोक्याच्या जागी पाठवणे मला अक्षम्य वाटते.

खरा बचाव त्याआधीच्या तासाभरात असतो. पॉल ग्लीसन या अमेरिकी अनुभवी अग्निशामकाने 1991 मध्ये चार गोष्टींचा आग्रह धरला होता: उंचावर टेहळणी करणारा माणूस, तुटणार नाही असा संपर्क, सुटकेच्या वाटा आणि ठरलेली सुरक्षित जागा. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर काम सुरू करू नये, आणि सुरू झालेले असेल तर ते थांबवून बाहेर पडावे. नियम जुनाच आहे. तो पाळला जात नाही, त्याचे कारण माझ्या मते माघारीला चिकटलेली लाज हे आहे. समोर घरे जळत असताना पथकप्रमुखाने माणसे मागे घेतली, तर त्याला जाब विचारला जातो. त्याने त्यांना पुढे नेले आणि ती परतली नाहीत, तर आपण त्यांच्या शौर्याची वर्णने छापतो. वाऱ्याचा अंदाज पाहून वेळेत माघार घेणाऱ्याला कारवाईची भीती राहणार नाही, असा लेखी आदेश प्रत्येक यंत्रणेत असला पाहिजे, आणि वारा फिरण्याची अपेक्षित वेळ कामाला लागण्यापूर्वी पथकातील शेवटच्या माणसालाही माहीत असली पाहिजे.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. पुढील वेळी अशी बातमी छापताना वाऱ्याचा अंदाज किती वाजता दिला गेला, तो पथकापर्यंत पोहोचला होता का, टेहळणीला कोण होते आणि माघारीचा आदेश कोणी, केव्हा दिला, हे संबंधित अधिकाऱ्यांना विचारावे आणि मिळालेली उत्तरे, तसेच न मिळालेलीही, वाचकांसमोर ठेवावीत.

आपला,
एक वाचक