आजीचं माहेरचं आडनाव कोणत्या कागदावर शोधायचं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जुन्या नोंदींच्या नकलांसाठी लोकांना किती चकरा माराव्या लागतात यावर तुमच्याकडे पत्रं येतच असतात, पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे आणि ते सांगायला मला आधी स्कॉटलंडपर्यंत जावं लागेल, तेवढी जागा द्याल ही विनंती.

माझी शाळेपासूनची मैत्रीण अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, अँग्लो इंडियन घरातली. आडनाव मॅकने सुरू होतं, पूर्ण देत नाही. आजोबा इंजिन ड्रायव्हर होते, आणि घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकलेलं की आपण मूळचे स्कॉटलंडचे, आपला क्लॅन, म्हणजे कूळ, आहे. पुढं कोणालाच काही माहिती नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली, ट्रंक उघडली तर तळाशी जुनं बायबल, त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईनं मुलांच्या जन्माच्या तारखा आणि वर दोनच ठिकाणांची नावं, मल आणि कामठी. मल हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बेट, आणि कामठी ही आपल्या नागपूरजवळची छावणी. मी बँकेतून रिटायर झालेली, कागदात डोकं घालायची सवय, म्हणून ती बायबल घेऊन माझ्याकडे आली आणि मग आम्ही दोघी जवळजवळ वर्षभर हेच करून राहिलो होतो.

तिच्या भाच्यानं तोवर ऑनलाइन एक फ्रेम मागवून टाकली होती, आडनावाचं टार्टन म्हणजे रंगीत चौकड्यांचं कापड आणि मध्ये क्रेस्ट म्हणजे मानचिन्ह, खाली लिहिलेलं 'तुमच्या घराण्याचं चिन्ह'. तिला फार आनंद झाला होता. मला वाचत गेल्यावर कळलं की तिकडे असं घराण्याचं चिन्ह नसतंच, मानचिन्ह हे एका माणसाचं असतं, लॉर्ड लायन नावाचा अधिकारी ते देतो, आणि क्लॅनच्या बाकीच्या लोकांनी चीफचं, म्हणजे प्रमुखाचं, क्रेस्ट पट्टा आणि बकलाच्या गोलात लावायचं एवढीच मुभा. टार्टनचंही तसंच. १७४६ ला कलोडनच्या लढाईत हायलँडचे, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, लोक हरले, त्यानंतर त्यांच्या पोशाखावरच बंदी आली ती १७८२ पर्यंत, आणि अमुक आडनावाला अमुक चौकडा हे पक्कं झालं ते बहुतेक १८२२ ला राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला त्याच्या आगेमागे. म्हणजे मलमधून निघालेल्या तिच्या पूर्वजाच्या आज्यानं तो चौकडा कधी पाहिलाही नसेल. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं, पण सांगितलं, कारण खरं शोधायचं असेल तर ही फ्रेम बाजूला ठेवणं भाग होतं.

क्लॅन हा शब्द गेलिक या हायलँडच्या जुन्या भाषेतला, अर्थ लेकरं. पण सगळी लेकरं काही रक्ताची नव्हती. चीफच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या बाजूनं लढणारे लोकही त्याचंच आडनाव लावायचे. मला हे पटकन समजलं कारण आपल्या मराठीत कूळ म्हणजे वंशही आणि दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळच, कूळकायदा म्हणतो ना आपण तो हाच. तिकडच्या क्लॅनमध्ये दोन्ही अर्थ एकाच आडनावात बसलेत. आपले सगळे देशमुख कुठं एका घरातले असतात, तसंच ते. आणि प्रत्येक स्कॉटिश माणसाला क्लॅन असतोच असंही नाही, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या शहरात आहे ते हिस्लॉप साहेब दक्षिणेकडच्या डन्स गावचे, तो हायलँडचा भाग नाहीच.

म्हणून आडनावावरून जायचं नाही, एकेका माणसावरून मागे जायचं असं ठरवलं. इथं आमची मोठी चूक झाली. रेल्वे मुंबईकडून आली म्हणून आम्ही तिच्या पूर्वजाचं कामठीचं लग्न मुंबई इलाख्याच्या नोंदीत शोधत बसलो, दोन महिने गेले. मग लक्षात आलं की कामठीच्या छावणीत फौज होती मद्रासची! ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, जे कागद आहेत त्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी बंगाल, मद्रास, मुंबई अशा वेगळ्या लावलेल्या आहेत, आणि नागपूर-कामठीचे गोरे शिपाई मद्रासमध्ये निघतात. कोणाला शोधायचं असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावं, आमचे दोन महिने वाचले असते. मद्रासमध्ये बघितल्यावर लग्न सापडलं, १८६८ चं, नवरा शिपाई, त्याच्या बापाच्या नावासकट.

पण मल बेटावर त्या नावाचे दोन बाप निघाले. कोणता आपला? इथं बायबलचं ते पान कामी आलं. तिकडे जुनी रीत अशी की पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं आणि दुसऱ्या मुलीला बापाच्या आईचं. सगळे पाळत नव्हते, पण खूप जण पाळायचे, आपल्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात तसंच. कामठीच्या त्या शिपायाची दुसरी मुलगी फ्लोरा. आणि दोन म्हाताऱ्यांपैकी एकाच्याच बायकोचं नाव फ्लोरा होतं. त्या रात्री मैत्रिणीचा फोन आला तेव्हा साडेअकरा वाजले होते, ती रडून राहिली होती.

मग त्या म्हाताऱ्याचा मृत्यूचा दाखला काढला. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची आहे, त्याआधीच्या चर्चच्या वह्या आहेत आणि त्यातली सगळ्यात जुनी १५५३ ची. हे सगळं स्कॉटलंड्स पीपल नावाच्या सरकारी वेबसाइटवर आहे. घरबसल्या नाव टाकायचं, यादी येते, थोडे पैसे भरले की मूळ पानाचा फोटो. जन्माची नोंद शंभर वर्षं, लग्नाची पंचाहत्तर आणि मृत्यूची पन्नास वर्षं झाल्याशिवाय ते ऑनलाइन दाखवत नाहीत, म्हणजे जिवंत माणसाची झाकपाकही होते.

दाखला १८६४ चा. धंदा, वय, बायकोचं नाव, आणि मग एक रकाना आहे ज्यात मेलेल्याच्या आईबापाची नावं, आणि आईच्या नावापुढं तिचं माहेरचं आडनाव, मॅक्लीन. खबर देणारा मुलगा, त्याला सही येत नव्हती म्हणून फुली मारलेली आणि फुलीच्या भोवती कारकुनानं लिहिलेलं की ही याची खूण. एका अडाणी शेतकऱ्याच्या मृत्यूच्या कागदावर, जिचं लग्न सतराशे ऐंशी-नव्वदच्या सुमारास झालं असेल अशा त्याच्या आईचं माहेर लिहिलेलं आहे! माझी मैत्रीण ज्याचं क्रेस्ट लावून बसली होती तो क्लॅन बापाकडचा, पण ही बाई मॅक्लीनांची, म्हणजे मलच्याच ड्युअर्ट किल्लेवाल्यांच्या नावाची.

संपादक साहेब, मी तो फोटो बघत बसले आणि मला माझ्या आईच्या आईचं माहेरचं आडनाव आठवेना. आठवेना कसलं, मला ते माहीतच नव्हतं. आई गेली, मामा गेले. आमच्याकडे वंशावळ आहे, चांगली अकरा पिढ्यांची, मोठ्या कागदावर झाडासारखी काढलेली, त्यात एकही बाई नाही.

मग माळ्यावरचा पितळी गुंड काढला, आजीच्या लग्नातला. चिंच लावून घासला तेव्हा गळ्यापाशी टिंबाटिंबांची अक्षरं दिसली, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव, भंडाऱ्याकडचं. आडनाव अर्धं झिजलेलं. ते गाव ज्या तालुक्यात येतं तिथल्या कचेरीत गेले, कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही, बघायला मिळेल का विचारलं. जातीच्या दाखल्यासाठी पाहिजे का, असं तिथल्या माणसांनी विचारलं. नाही म्हटलं, आजीसाठी पाहिजे. तर मग अर्ज कशाला करता ताई, म्हणाले. तिसऱ्या चकरेला एका भल्या माणसानं ते रजिस्टर टेबलावर आणून ठेवलं. कडा भुगा झालेल्या, काही पानं मोडीत, हात लावला की तुकडे हातात येतात. सापडली नोंद. पणजोबांचं नाव, जात, तारीख, आणि पुढं नुसतं, मुलगी. नाव नाही. पणजीचा तर उल्लेखच नाही.

माझं मागणं एवढंच आहे. कोतवाल बुकं आणि गावोगावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या भुगा व्हायच्या आत स्कॅन करा, गाव आणि सालाप्रमाणे यादी लावा, आणि फक्त जातीच्या दाखल्यासाठी नाही तर ज्याला आपल्या आजीला शोधायचं आहे त्यालाही फी घेऊन बघू द्या. दुसरं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव लावायचा सरकारनं नियम केला, मला तो मनापासून आवडला, पण आईचं नुसतं नाव आलं, माहेर नाही आलं. जन्माच्या आणि मृत्यूच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा, आईचं माहेरचं आडनाव आणि गाव.

माझ्या आईची चुलत मावशी तुमसरला असते, एक्क्याण्णव वर्षांची, कानानं कमी ऐकते पण आठवण चांगली आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी तिच्याकडे चालले, गुंडाचा फोटो आणि कोरी वही घेऊन.

आपली नियमित वाचक,
नरेंद्र नगर, नागपूर