चिंगीच्या लॅबवाल्या ताईंना मनापासून थँक्यू

ताई, माझं नाव तुमच्या लक्षात नसेल पण चिंगी आठवत असेल, बरगड्या दिसायला लागलेली ती तपकिरी कुत्री. तिचे जुलाब आता थांबलेत. शी घट्ट होतेय (कुत्रं पाळणाऱ्यांनाच कळेल ही केवढी मोठी बातमी आहे) आणि वाटी चाटूनपुसून साफ करतेय.

तुमच्याकडे यायच्या आधी जिथे जात होतो तिथे शी तपासावी असं कोणाच्या मनातच येत नव्हतं, जुलाब म्हटलं की मेट्रोनिडाझोल, थोडे दिवस बरं की परत तेच, मग खाणं बदला, मग "तुम्हीच काहीतरी अरबटचरबट देत असाल". खूप मागे लागल्यावर तपासली ती पण आदल्या दिवशीची सुकलेली, एकच नमुना, रिपोर्ट निगेटिव्ह, विषय संपला! आणि तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत की जिआर्डिया म्हणजे आतड्यात राहणारा एक सूक्ष्म परजीवी, आणि त्याच्या सिस्ट (कवचातलं रूप) शीतून रोज पडतच नाहीत, आज भरपूर तर उद्या काहीच नाही असं होतं, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने बघायचे. एवढी साधी गोष्ट आधी कोणीच का सांगू नये हो?

पण खरं सांगू, मनात राहिलंय ते वेगळंच. मी तो डबा पिशवीत, ती पिशवी अजून एका पिशवीत असा घाबरत घाबरत काउंटरवर ठेवला, कारण आधीच्या ठिकाणी नाकाला रुमाल लावून "तिकडे ठेवा" ऐकलं होतं. तुम्ही ग्लोव्ह्ज घालून तो नीट दोन्ही हातांनी घेतलात, झाकण उघडलंत आणि म्हणालात, "वा, ताजं आणलंत, आता हलताना दिसले तर दिसतील." वा! कुत्र्याच्या जुलाबाला वा म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं आणि माझा अर्धा ताण तिथेच उतरला. आपलं काम मनापासून आवडणारी माणसं समोरच्याला लाज वाटूच देत नाहीत, पदवीबिदवीचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

जिआर्डिया सापडल्यावर मला आत बोलावून मायक्रोस्कोपमधून दाखवलंत पण, गळणारं पान गिरक्या घेत खाली येतं तसा डुलत चालला होता तो. एवढासा जीव आणि घरभर आमची झोप उडवलेली.

फेनबेंडाझोल या औषधाचा कोर्स झाला. केसांना चिकटलेल्या सिस्ट चाटून परत पोटात जातात म्हणालात म्हणून शेवटी आंघोळही घातली, बाईसाहेब अजून रुसलेल्या आहेत. आता परत तपासायला नमुना आणायचाय, तुमची ड्युटी कधी असते तेवढं कळवा, तुमच्याच हातात देईन.