अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश नको

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत गोव्यातली कितीतरी कुटुंबे मुलांना घेऊन परराज्यांतल्या थीम पार्कांत जातात. तिथल्या अंधाऱ्या राइडमध्ये, म्हणजे गाडीत बसवून काळोख्या दालनांतून फिरवणाऱ्या खेळांत, सर्रास फ्लॅश मारले जातात, मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढले जातात. हे थांबायला हवे. या राइडचा सारा खेळच काळोखावर उभा असतो. फ्लॅश पडला की तारा, यंत्रे, काळी रंगवलेली भिंत उघडी पडते आणि मुलांचे नवल तिथेच संपते. डोळे काळोखाला पुरते सरावायला 20 ते 30 मिनिटे लागतात. एका लखलखाटात ते सगळे वाया जाते. मोबाईलच्या फ्लॅशचा उजेड फार लांब पोचतही नाही, फोटोत येते ते पुढच्या माणसाचे डोके. अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये अशा राइडवर फ्लॅशला मनाई आहे.

आपल्या पेडण्यात जत्रेच्या रात्री दशावतारी नाटकांतही हेच दिसू लागले आहे. पुढे उजळलेले स्क्रीन, मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना पात्र दिसत नाही. आयोजकांनी नाटकाआधी लाउडस्पीकरवरून स्पष्ट सूचना द्यावी. पालकांनी मुलांचे फोटो राइडबाहेर काढावेत, आणि आत फोन खिशातच ठेवावा.

— एक वाचक, पेडणे