वज्र ही तोफ आहे, रणगाडा नव्हे

मा. संपादक,

सुरतजवळच्या हजिऱ्याला बनणाऱ्या ‘के-९ वज्र’चा फोटो वर्तमानपत्रांत आला की खाली हमखास ‘रणगाडा’ छापलेले असते. हजिरा आपल्या बडोद्याहून काही तासांवर. निदान इथल्या वाचकांपर्यंत तरी योग्य माहिती जावी.

रणगाडा समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर सरळ मारा करतो आणि उलट मारा झेलतो, म्हणून त्याचे चिलखत जाड. वज्र ही १५५ मिलिमीटरची तोफ. ती टेकडीआडून, कित्येक किलोमीटर मागून, उंच कमानीत गोळा टाकते. तिचे चिलखत बंदुकीच्या गोळ्या आणि तोफगोळ्यांच्या कपच्या अडवण्यापुरतेच. रणगाड्यांच्या रांगेत उभी केली तर ती टिकणार नाही.

‘स्वयंचलित तोफ’ हेही फसवे. ती स्वतःच्या इंजिनावर चालते, एवढेच. आत पाच माणसे लागतात. गोळा यंत्र भरते, त्यामागची दारू मात्र हातानेच ठेवायची. गोळा ठासण्याचा जोर दर वेळी सारखा हवा. गोळ्याभोवतीचा तांब्याचा पट्टा नळीच्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, नीट रुतला नाही, तर नळी उचलताच गोळा मागे घसरून दारूवर येतो, आणि मग आतल्या पाचांच्या जिवाशी गाठ. थोडा कमी-जास्त रुतला तरी वेग बदलतो, गोळा आखूड किंवा लांब पडतो.

तिची खरी किंमत चालण्यात आहे. शत्रूचे रडार हवेतल्या गोळ्याची वाट मोजून तोफेची जागा शोधते. ओढून न्यायच्या तोफेची जमिनीत रुतलेली खोरी उपटायची, पाय मिटायचे, ती गाडीला जोडायची, यात मोलाची मिनिटे जातात. वज्र १५ सेकंदांत तीन गोळे सोडते आणि लगेच जागा बदलते.

पण आत गोळे ४८. मिनिटाला सहा धरले तर आठ मिनिटांत संपले! एक गोळा ४३ किलोचा धरला तरी सहा तोफांच्या एका भरणीला बारा टनांहून जास्त माल लागतो, दारू वेगळी. वाळूत रणगाड्यासारख्या साखळी-पट्ट्यांवर चालणारी ही तोफ सहज जाते, मागचा भरलेला ट्रक रुततो आणि तोफ रिकामी बसते.

डिसेंबर २०२४ मध्ये आणखी वज्र तोफांचा सुमारे ७,६२९ कोटींचा करार झाला. पुढच्या बातम्यांत तोफांच्या आकड्याबरोबर दारूगोळा पोचवणाऱ्या गाड्यांचाही आकडा द्यावा, ही विनंती.

एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे