घरी शिकणारा नातू आणि दारात उभा असलेला मुलगा

सातारा
२ जून २०२५

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. एकाच पाकिटात तू दोन प्रश्न पाठवलेस. पहिला आजोबाचा आहे: नेहा आणि जावईबापूंनी अर्णवला चौथीनंतर शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवले आहे, तर त्यांना काय सांगावे. दुसरा संस्थेच्या सचिवाचा आहे: घरीच शिकलेला एक बारा वर्षांचा मुलगा तुमच्या शाळेत प्रवेश मागतो आहे, त्याच्याजवळ कोणत्याही शाळेचा दाखला नाही आणि मुख्याध्यापक कचरत आहेत, तर काय करावे. तू हे दोन प्रश्न दोन वेगळ्या परिच्छेदांत लिहिलेस खरे, पण मला ते एकच वाटतात. दोन-तीन वर्षांनी अर्णवलाही कुणाच्या तरी शाळेच्या दारात असेच उभे राहावे लागेल, हे शक्य आहे. म्हणून घरी शिकवणे चूक की बरोबर यावर नेहाशी वाद घालू नकोस. परतीची वाट उघडी राहील एवढे मात्र तिच्याकडून आणि तुझ्या मुख्याध्यापकांकडून करून घे.

आधी कायद्याचे बोलू, कारण जावईबापू कायद्याचे दाखले देतात असे तू लिहिले आहेस. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. त्यातले दहावे कलम मुलाला शाळेत दाखल करणे हे आईवडिलांचे कर्तव्य ठरवते, पण ते कर्तव्य न पाळणाऱ्या आईवडिलांना कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला बंदी असे शब्द कायद्यात नाहीत आणि परवानगी असेही नाहीत. एवढ्यावर जावईबापूंनी छाती फुगवू नये आणि तूही रात्रीची झोप घालवू नये. व्यवहारात होते ते इतकेच, की सर्वेक्षणाच्या वेळी शिक्षक दारावर येतात आणि अर्णवचे नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत जाते. अशा वेळी त्या बिचाऱ्या शिक्षकाशी हुज्जत घालण्यात काही अर्थ नसतो, कारण त्याला त्याचा तक्ता भरायचा असतो. त्यापेक्षा नेहाने महापालिकेच्या शिक्षण विभागाला आधीच एक साधे पत्र देऊन मूल घरी शिकत असल्याचे कळवावे, त्याची पोच घ्यावी आणि ती फाईलला लावून ठेवावी.

आता दाखला. शाळा सोडल्याचा दाखला हा नेहाला निरुपयोगी कागद वाटत असेल, पण आपल्या राज्यात तो जन्मभर पुरतो. अर्णवचा दाखला आजच मागून घ्यावा आणि घरी आणून उजेडात नीट वाचावा. मुलाचे पूर्ण नाव, आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात-पोटजात यांतले प्रत्येक अक्षर जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून पाहावे. चूक असेल तर मूल त्या शाळेत असतानाच दुरुस्ती सोपी असते. मूल शाळा सोडून गेल्यावर जनरल रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीतली, एक वेलांटी बदलायलाही शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पुढे जातीचा दाखला, पडताळणी, अधिवास या प्रत्येक ठिकाणी हाच कागद मागतात. सरकारच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरचा त्याचा कायम शिक्षण क्रमांकही त्याच वेळी लिहून घ्यावा. जे मूल कधीच शाळेत गेले नाही त्याच्या घरच्यांना हे सारे वडिलांच्या कागदांवरून उभे करावे लागते. ते होते, पण घाम काढते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पाचवीची आहे आणि ती जावईबापूंना ठाऊक नसावी असा माझा कयास आहे. आपल्या राज्याने २०२३ साली नियम बदलले आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्याच बदलात असे ठरले, की पाचवीपर्यंत मुलाला वयाप्रमाणे वर्ग द्यायचा, पण सहावी ते आठवीच्या वर्गात वयानुरूप प्रवेश हवा असेल तर पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण झाली पाहिजे; नाही झाली तर मुलाला पाचवीतच बसवायचे. अर्णव ऑगस्टमध्ये दहा पूर्ण करील. त्याने एवढे एक वर्ष शाळेत काढून पाचवी पार केली तर उत्तम. ते मुळीच नको असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची परीक्षा आहे, तिला दहा वर्षे पूर्ण लागतात, आणि तिथे आठवीचीही आहे. या एका परीक्षेमुळे पुढची तीन वर्षे शाळेचे दार वयाप्रमाणे उघडे राहते. मी नेहाच्या जागी असतो तर बाकी सगळे सोडून आधी हे केले असते.

दहावीचे म्हणशील तर वाटा दोन-तीन आहेत. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आपल्याला सवयीचा आहे. आपण दोघांनी मिळून किती जणांचे भरले असतील! पण त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो, हे पुन्हा तेच. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीला नोंदणी होते, पाच विषय पुरतात, त्यांत एक तरी भाषा हवी, मराठी माध्यम मिळते, आणि नोंदणी पाच वर्षे टिकत असल्याने नऊ वेळा परीक्षेला बसता येते. घरी शिकणाऱ्या मुलाला हे मानवते, कारण एका वेळी एक-दोन विषय देऊन तो मोकळा होऊ शकतो. डॉक्टरकीला हे चालत नाही अशी एक आवई अजून फिरते. तो वाद २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मुक्त विद्यालयांच्या बाजूने निकालात काढला. मात्र राज्याच्या कोट्यातून वैद्यकीय प्रवेश हवा असेल तर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, म्हणून अभ्यासकेंद्र राज्यातलेच निवडावे.

मुंबईची एक मुलगी घरी शिकून, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, ही बातमी जावईबापूंनी तुला ऐकवली असेलच. बातमी खरी आहे. बारावीची परीक्षा दिलेली नसल्यामुळे तिला आयआयटीचे दार बंद होते, हा त्याच बातमीचा दुसरा भाग सहसा कुणी ऐकवत नाही.

घरातल्या घडीबद्दल मी फार सांगणार नाही, ते आईबापांचे क्षेत्र आहे. तीन गोष्टी मात्र सांगतो. घरी शाळेचे वेळापत्रक लावू नये. पहिले दोन-तीन महिने मूल नुसते लोळेल, ते लोळू द्यावे. दुसरे, एक जाड पुठ्ठ्याची वही घालून रोज तारीख टाकून तीनच ओळी लिहाव्यात: आज काय वाचले, काय मोजले, काय बिघडले. साताऱ्याजवळच्या एका घरात मी अशी वही पाहिली आहे. तीत एका पानावर मुलाने विहिरीत दोरी सोडून पाण्याची खोली महिनाभर मोजलेली होती, आणि मे महिन्याच्या मध्यावर रकाना रिकामा ठेवून 'दोरी पुरली नाही' असे लिहिले होते. अशी वही घेऊन आलेल्या पालकाशी कोणताही शहाणा मुख्याध्यापक दहा मिनिटे जास्त बोलेल. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ती उतरवून ठेवावीत. त्यांच्याच क्रमाने शिकवले पाहिजे असे नाही, पण वर्ष कुठवर आले हे कळते. तिसरे तुझ्यासाठी आहे. पुण्याला गेलास की पोराला समोर उभे करून 'सात आठे किती' विचारणे बंद कर. घरी शिकणाऱ्या मुलाची परीक्षा येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा घेतो, आणि त्यात आजोबा पहिले असतात. आणि हो, हा सगळा भार एकट्या नेहावर पडतो आहे का, हे मात्र जरूर विचार. जावईबापूंची तत्त्वे आणि नेहाची नोकरी, यांतले नेमके काय सुटले आहे ते पाहा.

आता तुझ्या शाळेकडे येतो. त्याआधी माझी एक चूक सांगतो, जी मी तुला कधी सांगितली नव्हती. २०१४ साली मी मुख्याध्यापक असताना अकरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिचे आईवडील आले. ती कधीच शाळेत गेली नव्हती. मी तिला चार अंकी भागाकार घातला, अर्धे पान शुद्धलेखन घातले, आणि दोन्ही जमले नाहीत म्हणून तिला तिसरीत बसवले. वयाप्रमाणे वर्ग द्यावा असे शिक्षण हक्क कायद्याचे चौथे कलम तेव्हाही होते. मी चाचणीच्या आड लपलो. तिसरीच्या बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते, त्यामुळे ती दिवसभर तिरकी बसायची. पहिल्याच दिवशी वर्गातली मुले तिला 'ताई' म्हणू लागली आणि मधल्या सुट्टीत तिच्याकडे चपलांचे बंद लावून घेऊ लागली. पक्ष्यांच्या घरट्यांबद्दल ती आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांपेक्षा जास्त जाणत होती, पण तिसरीत तसे विचारणार कोण? दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. मी तिचे नाव कमी केले आणि रजिस्टरात 'सतत गैरहजर' असा शेरा मारला. तो शेरा माझ्या अक्षरात आहे.

म्हणून तुझ्या बारा वर्षांच्या मुलाला प्रवेशाआधी कसलीही चाचणी नको. तेरावे कलम तसे करायला मनाई करते आणि पहिल्याच वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगते, पण दंड नसता तरी मी हेच म्हणालो असतो. वयाने तो सातवीचा आहे. वर सांगितलेल्या नियमामुळे त्याची पाचवीच्या वार्षिक परीक्षेची पातळी तपासावी लागेल. ती नियमाने, उत्तरपत्रिकांसह आणि वेळ देऊन तपासावी, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. ही परीक्षा त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी नाही, त्याला योग्य वर्गात बसवण्यासाठी आहे, हे मुख्याध्यापकांना दोनदा सांग. जन्माचा पुरावा अपुरा आहे म्हणून चौदाव्या कलमाप्रमाणे नकार देता येत नाही, आणि जून उलटला म्हणूनही देता येत नाही. रजिस्टरात 'पूर्वीची शाळा' या रकान्यात उगाच कुठल्या तरी शाळेचे नाव घालू नये. 'प्रथम प्रवेश' असे स्वच्छ लिहावे. आणि या सगळ्याच्या आधी तुमच्या कार्यालयातल्या लिपिकाशी बोल. मुलाला शाळेचे पहिले दर्शन त्याच्या खिडकीतून होते आणि त्याचे पहिले वाक्य 'दाखला आणलाय का?' हेच असते.

वर्गात बसल्यावर अडते ते वेगळ्याच ठिकाणी. घरी शिकलेली मुले वाचतात भरपूर, बोलतात नीट, पण त्यांचा हात चालत नाही. तीन तासांचा पेपर सोडा, सलग एक पान लिहिताना त्यांची बोटे दुखतात. पुढे एका बारा वर्षांच्या मुलाला मी वयाप्रमाणे सातवीत घेतले, तेव्हा मराठीच्या बाईंनी रोज अर्धे पान आणि दर पंधरवड्याला दोन ओळी वाढवायच्या असे ठरवले. संक्रांतीपर्यंत तो दोन पाने लिहू लागला. चौथ्या कलमातल्या विशेष प्रशिक्षणाची मुदत तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आहे, ती अशा कामासाठी वापरावी. हाच मुलगा पहिल्या आठवड्यात तास चालू असताना 'मी येतो जरा' म्हणून सरळ बाहेर निघून जायचा. शिक्षकांना तो उद्धटपणा वाटला. घरी कुणी बाहेर जायला परवानगी मागते का? एकदा सांगितल्यावर त्याने तसे केले नाही.

एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो, कारण तुझी संस्था अनुदानित आहे आणि संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरण्याचा, धाक मला माहीत आहे. पट कमी पडत असला की कुणी तरी सुचवतेच: घरी शिकणाऱ्या मुलांची नावे आपल्या पटावर घेऊ, मुले घरीच राहू देत, पालकांना दाखला मिळेल आणि आपल्याला शिक्षक. दोन्हीकडून सोयीचे दिसते. पण मग रोज कुणा वर्गशिक्षकाला खोटी हजेरी मांडावी लागते, आणि तपासणीला कुणी आले की शिक्षा त्या शिक्षकाला होते, सचिवाला होत नाही. पुण्यातल्या कुठल्या शाळेने अर्णवसाठी असे सुचवले तर नेहानेही नकार द्यावा. त्यापेक्षा उघडपणे काय देता येईल ते पाहा: शनिवारी प्रयोगशाळा, ग्रंथालयाचे कार्ड, संध्याकाळचे मैदान. पालकांच्या जबाबदारीचे पत्र घेऊन हे करता येते. शालेय क्रीडास्पर्धांत पटाबाहेरच्या मुलाला उतरता येत नाही, हे आधीच सांगून टाकावे. संघटनांच्या खुल्या स्पर्धा आहेत.

कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली, त्याबद्दल आपण डी.एड.ला असताना वसतिगृहात रात्रभर बोलत बसलो होतो. तेव्हा आपल्याला ती गोष्ट फार सोपी वाटली होती.

आषाढी झाल्यावर येतोस म्हणाला आहेस, तर येताना अर्णवचा दाखला आण. झेरॉक्स नको, मूळ प्रत आण. लग्नानंतर बदललेले नेहाचे नाव त्यात कसे पडले आहे ते मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे. आणि त्या बारा वर्षांच्या मुलाला कितव्या वर्गात बसवले, ते त्याआधी एका ओळीने कळव.

वहिनींना नमस्कार. अर्णवला आशीर्वाद.

तुझा,
दत्ता