पालकांची सही

पुणे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. न.

पाकीट बघून घाबरू नका, इथे सगळे बरे आहेत. रोज फोन होतो तरी पत्र का, तर आत एक कागद आहे आणि त्यावर सही लागणार आहे. शाईची. मोबाईलवर फोटो पाठवून चालत नाही, विचारून झालं. मी रजिस्टरनं पाठवायला निघाले होते, तर ते आता स्पीड पोस्टातच विलीन झाल्याचं कळलं. बाबांची अख्खी नोकरी पोस्टातली, त्यामुळे त्यांना हे आधीच माहीत असणार आणि त्यावर त्यांचं मतही असणार. ते समक्ष ऐकेन. पिनकोडाचे सहाही आकडे नीट चौकोनात घातले आहेत.

तर कागद आहे 'पालकांचे संमतीपत्र'. पालक, बाबा. पाल्य, मी. वय वर्षं पंचेचाळीस.

हसून घ्या. खिडकीपाशी मीही हसले होते, पण आतल्या बाई हसल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, माझी मुलगी बारावीला आहे, तिच्या फॉर्मवर पालक म्हणून मीच सही करते. त्या म्हणाल्या, तो तिचा फॉर्म, हा तुमचा. नवऱ्याची सही चालेल का विचारलं, तर त्यांनी बोट ठेवून दाखवलं: रकान्यात 'आई / वडील' छापलंय, 'पती' छापलेलं नाही. घरी सांगितलं तेव्हा तुमचे जावई म्हणाले, सुटलो, तू पांचगणीच्या दरीत पडलीस तर जबाबदारी सासऱ्यांची.

हो, सहल पांचगणीलाच आहे. सहल म्हणायचं नाही, 'अभ्यासभेट' म्हणायचं. शुक्रवार, ९ जानेवारी. स्ट्रॉबेरीचा हंगाम तेव्हा जोरात असतो. शेतात तोडणी कशी करतात, मग निवड, प्रतवारी आणि शेवटी कारखान्यात जॅम आणि क्रश कसे होतात ते सगळं एका दिवसात बघायचं. बस सुरूर फाट्यावरून वळून वाईतून पसरणी घाटानं वर जाणार. म्हणजे मला माझ्याच माहेरावरून नेण्यासाठी कॉलेज तुमची परवानगी मागतंय. जाताना थांबता येणार नाही, पण साधारण साडेआठला बस गावातून जाईल. आई, तू स्टँडच्या बाजूला उभी वगैरे राहू नकोस. (राहणारच आहेस, माहीत आहे. निदान डबा तरी आणू नकोस, वर्गात सव्वीसजण आहेत आणि सगळ्यांना पुरणार नाही.)

गणपतीत बाबांनी विचारलं होतं, "हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे खरं कॉलेज की क्लास?" तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर बोलून आत गेले. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कंपनी बंद झाल्यावर तीन महिने मी घरात भांडी आवाज करत घासत होते, तेवढ्यात ही जाहिरात दिसली आणि गेले. आता सांगते. कल्पना अमेरिकेतली, जवळपासच्या लोकांना कमी खर्चात उपयोगाचं शिक्षण देणारं कॉलेज. आपल्याकडे पहिलं १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठानं काढलं. पुढे २०१३ मध्ये यूजीसीनं योजना आणली आणि चालू कॉलेजांतूनच असे अभ्यासक्रम सुरू झाले. इमारत तीच, ग्रंथालय तेच, कँटीनचा चहाही तोच पाणचट. आमचा पदविका अभ्यासक्रम एक वर्षाचा, अन्नप्रक्रियेचा. साठ टक्के हाताचं काम, चाळीस टक्के भाषा, हिशेब, संगणक वगैरे. वयाची अट नाही. वर्गात बावीसजण एकोणीस-वीसचे आणि आम्ही चौघी 'काकू' गटात. पहिल्या आठवड्यात मुलं मला मॅडम समजून उठून उभी राहायची. आता बाकावर सरकून जागा देतात, त्यातच मला जास्त आनंद आहे. तुमची नात संध्याकाळी विचारते, "आई, हजेरी पंचाहत्तर टक्के भरतेय ना?"

जानेवारीत अभ्यास कमी आणि बोर्डावर सूचनाच जास्त. एक कागद दुसऱ्यावर चिकटवलेला, कोपरा उचलून खालचा वाचायचा. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती. सकाळी कॉलेजातून भिडेवाड्यापर्यंत चालत जाणार आहोत, लकडी पुलावरून अलका चौक, मग सरळ लक्ष्मी रस्ता. वाडा आता तिथे नाही. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरातच, स्मारकासाठी पाडला. पण १८४८ मध्ये मुलींची शाळा भरली ती जागा तीच, दगडूशेठच्या समोर. प्राध्यापक बाईंनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. का, तर "तुम्ही त्यांच्या गावाकडच्या". नायगाव खंडाळा तालुक्यात, आपण वाईत, पण पुण्यातून पाहिलं की खंबाटकीच्या आसपासचं सगळं एकच गाव. बाबा तेव्हा साताऱ्याच्या साहित्य संमेलनात असतील (१ ते ४, बरोबर ना?), त्यामुळे त्यांना बोलावत नाही. संमेलनात पुस्तकं घ्या, पण मागच्यासारखी पिशवी फाटेपर्यंत नको.

१४ पासून मराठीचा पंधरवडा. निबंध, वाचन, हस्ताक्षर. हस्ताक्षरात मी नाव दिलंय, बाबांची मुलगी म्हणून, नाहीतर माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. मग 'डेज'. साडी डे, पारंपरिक वेश, फेटे बांधून मुलांचे फोटो. आई, तुझं ते हिरवं नऊवारी असेल तर काढून ठेव, नेसवायला कोण येईल ते बघू. मध्ये महापालिकेची निवडणूक येणार असं जो तो म्हणतोय. कॉलेजात मतदान केंद्र असतं, त्यामुळे दोनचार तारखा इकडेतिकडे होतील. आमची मात्र महिनाअखेरीची आहे, ती हलणार नाही असं सांगितलंय.

ती तारीख म्हणजे शनिवार, ३१ जानेवारी. सकाळी पालक मेळावा, दुपारी खाद्यजत्रा. पत्राचं खरं कारण हेच, सहलीचा कागद निमित्त.

खाद्यजत्रेत प्रत्येक गटानं एक टिकाऊ पदार्थ स्वतः करून, भरून, लेबल लावून विकायचा. आमच्या गटाचा पदार्थ ठरलाय: आईचं ओल्या हळदीचं लोणचं. मी सुचवलं नाही. झालं असं, दिवाळीत तू दिलेलं लिंबाचं लोणचं मी डब्यात नेलं होतं. सरांनी चाखलं आणि म्हणाले, आणा प्रयोगशाळेत. त्यात पीएच मीटर, म्हणजे आंबटपणा मोजायचं यंत्र, बुडवला तर आकडा तीनच्याही खाली; आकडा जितका कमी तितकं आंबट. लोणच्याचा पीएच ४.६ च्या खाली असला की त्यात बॉट्युलिझम या विषबाधेचा जीवघेणा जंतू वाढत नाही, हा आमच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा. सर वर्गाला म्हणाले, या बाईंनी पीएच हा शब्द ऐकलेला नसेल, पण साधला आहे. आई, मला तिथे उभ्या उभ्या इतकं काहीतरी वाटलं की मी बरणीचं झाकण उगाच तीनदा फिरवलं.

आता अडचण. इथे 'अंदाजाने' चालत नाही. कृती ग्रॅममध्ये लिहून द्यावी लागते, पुन्हा केली तर तीच चव यायला हवी. तुझी कृती मी लिहून काढली ती अशी: हळद 'बऱ्यापैकी', मीठ 'मूठभर, पण भरगच्च नको', लिंबं 'रस वर येईल इतकी', मोहरीची डाळ 'डोळ्याला दिसेल तेवढी'. सरांनी वाचून चष्मा काढला. तेव्हा एक काम कर. पुढच्या बाजाराला किराणाच्या दुकानात जा, काट्यावर कागद ठेवायला सांग आणि तुझी ती भरगच्च नसलेली मूठ त्यावर सोड. तीनदा सोड, तिन्ही आकडे लिहून घे. दुकानदार हसला तर हसू दे. माझी मूठ घेऊन बघितली, तुझ्याहून मोठी आहे, लोणचं खारट झालं. आणि हळद आपल्याकडचीच हवी, पिवळी आणि आंबेहळद दोन्ही; इथे मंडईत मिळते पण तिला तो वास नाही. बाटलीवर हिरवा ठिपका, निव्वळ वजन, घटक, तारीख, बॅच नंबर. तुझ्या लोणच्याला बॅच नंबर मिळणार आहे. पन्नास वर्षांत नातेवाइकांनी एवढ्या बरण्या नेल्या, एकानंही नंबर विचारला नाही.

म्हणून तू ३० लाच येऊन राहा. फोडणी गार झाली की नाही हे मुलांना थर्मामीटरनं कळेल, पण बरणीच्या तोंडाशी रस किती हवा हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

बाबा, आता तुमचं. तुम्ही म्हणाल, आपल्या आळीचा कृष्णाबाईचा उत्सव जवळ येतो, घाटावर मांडव, प्रसादाच्या पानांची जबाबदारी माझ्याकडे. तिथी तुम्हीच बघून सांगा. अगदी त्याच दिवशी आली तर मी काही म्हणणार नाही, एका दिवसानंही पुढेमागे असेल तर मात्र म्हणेन.

येणं अवघड नाही. वाई-स्वारगेट एसटीला तुम्हाला पंचाहत्तरच्या वर म्हणून तिकीटच नाही आणि आईला अर्धं. स्वारगेटला रिक्षा करू नका, भाव सांगतील आणि तुम्ही भांडाल. तिथूनच खाली मेट्रो आहे. मंडई, कसबा, मग जिल्हा न्यायालय. तिथे उतरून गाडी बदलायची. ते स्टेशन जमिनीखाली शंभर फुटांहून खोल आहे, पण सरकत्या जिन्यापाशी जाऊ नका, लिफ्ट आहे. वर आलात की वनाजकडे जाणारी गाडी, उतरायचं गरवारे कॉलेजला. मी फलाटावर असेन. आईचा गुडघा आणि बाबांचा अभिमान, दोन्ही शाबूत पोचतील.

मेळाव्यात पालकांनी दोन शब्द बोलायचे असतात. बाकीच्यांचे आईवडील माझ्या वयाचे असतील. तुम्ही दोघं सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणजे पहिल्या रांगेत, पंख्याखाली.

एक जुनी गोष्ट लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं. १९९८ मध्ये, बारावीनंतरच्या वर्षी, एनएसएसचं शिबिर होतं. त्याचा असाच एक फॉर्म मी तुमच्या टेबलावर, त्या काचेच्या गोळ्याखाली ठेवला होता. तीन दिवस तो तिथे होता. चौथ्या दिवशी मी उचलून वहीत घातला. तुम्ही नाही म्हणाला नव्हता, फक्त सही झाली नव्हती. बाकीच्या मुली सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून ओढ्यावर बंधारा बांधून आल्या, हाताला फोड आणि तोंडात गाणी घेऊन. कारण मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. कदाचित तो कागद तुम्हाला दिसलाच नसेल. टेबलावर तेव्हा आजीच्या दवाखान्याची बिलंच खूप होती. पण परवा खिडकीतून हा फॉर्म हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा तो काचेचा गोळा आठवला, आणि म्हणून व्हॉट्सॲपवर न टाकता पोस्टानं पाठवते आहे.

तर कागद नीट बघा. सही करायची जागा उजवीकडे खाली, मी पेन्सिलीनं फुली केली आहे. डावीकडची जागा 'विद्यार्थ्याची सही' आहे, ती माझी. हयातीच्या दाखल्याच्या वेळी झालं तसं करू नका, दुसरी प्रत नाही. 'पाल्याशी नाते' मध्ये नाते लिहा. तारीख घालायची राहू देऊ नका. परतीचं पाकीट पत्ता घालून आत ठेवलंय, २४ च्या आत टाकलंत की पुरे.

आणि आई, रकान्यात 'आई / वडील' दोन्ही छापलंय. बाबांचा चष्मा सापडत नसेल तर तू कर. दोघांनी केली तरी जागा आहे, मोजून बघितली.

तुमची,
धाकटी

ता. क. मुठीचे तिन्ही आकडे त्याच पाकिटात टाका.